नेट कोणाच्या दारातून जातं?

(कार्यकर्त्यांच्या संगणक शिबिरात केलेलं भाषण. बोलण्यातलं रूप शक्यतो तसंच ठेवलं आहे. – संपादक मंडळ)

शिबिराच्या पत्रिकेवर माझा विषय वाचून सकाळी नाश्त्याच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारलं, "ताई, छापण्यात काही चूक झालीय का? कॉम्प्युटरचं नेट गेमच्या यंत्राला कसं द्यायचं, हा आपला विषय कसा?" एकजण तर म्हणाली, की माझ्याऐवजी मुलालाच पाठवायला हवं होतं. चूक झालेली नाही. विषय मीच मागून घेतला. आणि मुलाला पाठवायला हवं होतं असं आपल्याला सहज वाटतं ना, तिथूनच मला सुरुवात करायची आहे.

आपल्या चळवळीत आपण माजघरावर बोललो, स्वयंपाकघरावर बोललो, पाण्याच्या रांगेवर, रेशनकार्डावर कोणाचं नाव पहिलं यावर बोललो. घरात येणारी प्रत्येक गोष्ट कोणाच्या हातात पडते आणि तिथून पुढे कशी वाटली जाते, हे बघायची आपल्याला सवय आहे. दूध येतं तेव्हा पहिला पेला कोणाला, हे आपण विचारतो. मग घरात नेट येतं तेव्हा का विचारत नाही? तिथे आपण लगेच म्हणतो, "ते टेक्निकल आहे."

टेक्निकल काय आहे ते आधी सांगते. फार अवघड नाही.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेतून यायचं आणि नेट चालू असताना फोन लागायचा नाही. आमच्या घरी, म्हणजे डोंबिवलीच्या दोन खोल्यांत, ते बरंच उशिरा आलं, तेही टीव्हीच्या केबलवाल्याकडून. केबलवाल्याचा नियम असा, की एका घराला एक कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरच्या कार्डाचा नंबर तो लिहून न्यायचा आणि त्या नंबरालाच नेट द्यायचा. वर रोज एक पान उघडून नाव आणि पासवर्ड टाकायचा, मग नेट सुरू. दुसरं कुठलंही यंत्र त्या वायरीला जोडलं तरी ते मुकंच राहायचं.

२००६ च्या सप्टेंबरात एक्सबॉक्स ३६० भारतात अधिकृतपणे विकायला आला. त्याच सुमारास मध्यमवर्गीय घरांत ही खेळाची यंत्रं शिरली, कोणाकडे ते, कोणाकडे प्लेस्टेशन. दूरच्या मुलांशी नेटवरून खेळता येतं ही त्यांची मोठी जाहिरात. पण त्या एक्सबॉक्सला केबलवाल्याचं पान उघडता येत नसे, कारण त्यात तेव्हा ब्राउझरच नव्हता. वायफायही आत बसवलेलं नव्हतं, त्याचा जोड वेगळा विकत घ्यावा लागे. वायर लावायचं भोक तेवढं होतं. मग पोरांनी तोड काढली, की नेट कॉम्प्युटरमध्ये येऊ द्यायचं आणि कॉम्प्युटरमधून दुसरी वायर काढून गेमच्या यंत्राला जोडायची. म्हणजे कॉम्प्युटरने स्वतःचं नेट पुढे वाटायचं. ही सोय विंडोजमध्ये १९९९ सालच्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' असं तिचं नाव.

ती चालते कशी? इथे बसलेल्यांपैकी चाळीत वाढलेल्या किती आहेत? हात वर करा. बऱ्याच आहात. मग तुम्हाला पी. पी. नंबर आठवत असेल. अख्ख्या मजल्यावर फोन एकाच घरी, आणि आपण सगळीकडे त्यांचा नंबर देऊन पुढे कंसात पी. पी. लिहायचो. फोन आला की ती काकू गॅलरीत येऊन हाक मारायची. आपण पदर सावरत जायचो, त्यांच्या सोफ्याच्या कडेला उभं राहून बोलायचो. बाहेरच्या जगाला नंबर एकच ठाऊक. आत दहा घरं. कोणासाठी फोन आहे हे लक्षात ठेवून बोलवायचं काम त्या फोनवाल्या घराचं.

कॉम्प्युटर नेट वाटतो तेव्हा नेमकं हेच करतो. बाहेर पत्ता एकच दिसतो, कॉम्प्युटरचा. आत तो गेमच्या यंत्राला एक घरगुती नंबर देतो. जुन्या विंडोजमध्ये कॉम्प्युटर स्वतःला १९२.१६८.०.१ म्हणायचा, विंडोज ७ पासून १९२.१६८.१३७.१ म्हणतो, आणि त्याच ओळीतला पुढचा एखादा नंबर यंत्राला मिळतो. हे नंबर फक्त घरातल्या घरात चालतात, बाहेर त्यांना किंमत नाही. यंत्र बाहेर काही मागायला निघालं, की कॉम्प्युटर त्यावर आपला पत्ता टाकून पाठवतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला देतो. जगात यंत्रं फार आणि पत्ते कमी, म्हणून ही युक्ती आता सगळीकडेच आहे. तुमच्या घरातली फायबरवाल्याची डबी दुसरं काय करते?

आता पी. पी. नंबरची गंमत आठवा. आपण फोन करायला जायचो तेव्हा सहसा अडचण नसे. पण आपल्यासाठी फोन आला तर बोलवायचं की नाही, हे त्या घराच्या मर्जीवर. गेमच्या यंत्राचंही तसंच. एक्सबॉक्सच्या पडद्यावर 'स्ट्रिक्ट' किंवा 'मॉडरेट' असा शब्द येतो, प्लेस्टेशनवर 'टाइप ३', आणि मुलगा वैतागतो, की मित्राचा आवाज येत नाही, खेळात सामील होता येत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की मधल्या दाराशी कोणीतरी बाहेरून येणारी हाक आत पोचू देत नाही. कधी अशी दोन दारं एकामागे एक असतात, आधी केबलवाल्याचं, मग आपल्या कॉम्प्युटरचं.

आणि पी. पी. नंबरची दुसरी बाजू तुम्हाला मी सांगायला नको. फोन ज्यांच्या घरी, त्यांना सगळं ठाऊक. कोणाच्या माहेरून वारंवार फोन येतो, कोणती मुलगी कोणाशी हळू आवाजात बोलते. नेट ज्याच्या यंत्रातून जातं त्याला तुमचा मजकूर आजकाल सहसा वाचता येत नाही, तो कुलूपबंद जातो. पण कोणत्या साइटवर गेलात ते बहुतेक वेळा कळू शकतं. आणि तो हवं तेव्हा बंद तर नक्कीच करू शकतो.

हे दार आमच्या घरात कोणाचं होतं? माझं. कॉम्प्युटर मी घेतला होता, टायपिंगची आणि भाषांतराची कामं करून. केंद्रातले अर्ज, पत्रकं, अहवाल, सगळं मी रात्री जेवणं झाल्यावर त्यावर करायची. नवऱ्याला त्याचं विशेष नव्हतं. मला मनातून अभिमान होता, की आमच्या घरात तरी यंत्राची मालकीण बाई आहे.

२००९ च्या दिवाळीत माझा पुतण्या सुट्टीला आला, तेव्हा अकरावीत होता. येताना गेमचं यंत्र घेऊन आला. "काकू, तुझं नेट थोडं घेऊ?" मी हो म्हटलं. वायर जोडून दिली माझ्या मुलीने, ती त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. कुठे खूण करायची, दुसरं कार्ड कुठे बसवायचं, हे सगळं तिने वाचून काढलं. जोडणी झाल्यावर खेळायला बसला तो. ती मागे उभी राहून बघत होती. मीही तेव्हा त्यात काही वावगं पाहिलं नाही, हे कबूल करते.

पहिल्या दिवसापासून एक बदल झाला. कॉम्प्युटर बंद करायचा नाही. तो बंद झाला, अगदी झोपी गेला, तरी यंत्राचं नेट जातं. "काकू, बंद करू नकोस हां, मॅच चालू आहे." माझं काम संपलं तरी माझं यंत्र राबतंय. एखादी मोठी फाइल पाठवायची तर "काकू, आत्ता नको, अडकतंय." चार दिवसांत माझा कॉम्प्युटर घरच्या बाईसारखा झाला, सगळ्यांच्या आधी उठायचा आणि सगळ्यांच्या नंतर निजायचा. यावर मी तेव्हा विनोदही केला होता. पुढचं घडल्यावर तो विनोद मला पुन्हा करवला नाही.

आमच्याकडे त्या वेळी एक बाई येत होती. तिचं नाव, गाव, काहीच सांगणार नाही. सासरी मारहाण होती. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली अर्ज करायचा होता, पण तयारी पूर्ण होईपर्यंत सासरी कळू द्यायचं नव्हतं. मुलीचा जन्मदाखला, रेशनकार्ड, दागिन्यांच्या पावत्या एकेक करून बाहेर काढायच्या, मग निघायचं, असं ठरलं होतं. बोलताना ती फार रडायची, लिहून घेणं जमेना. म्हणून तिच्या संमतीने तिचं बोलणं छोट्या कॅमेऱ्यावर घेतलं आणि अर्ज लिहायला सोपं जावं म्हणून मी ती फाइल घरच्या कॉम्प्युटरवर उतरवली. कुठे? कॉम्प्युटरने स्वतःच 'माझे व्हिडिओ' नावाचा कप्पा दिलेला असतो, तिथे. फाइलला नाव काय दिलं? तिचं नाव आणि तिच्या गल्लीचं नाव. मला सापडायला सोपं म्हणून.

वायर जोडल्याच्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात एक फुगा आला होता. नवीन यंत्र सापडलं आहे, शेअर करायचं का? मला वाटलं, नेटचंच विचारतंय. मी होकार दिला. पुढच्या खिडकीत परत विचारलं, परत होकार दिला. मैत्रिणींनो, तो फुगा नेटचा नव्हता. कॉम्प्युटरवरची गाणी, फोटो आणि व्हिडिओ टीव्हीवर बघता यावेत म्हणून ती वेगळी सोय होती. नेट वाटणं वेगळं, कपाट उघडून देणं वेगळं. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, शेअर. मराठीत विचारलं असतं, की "तुमच्या कपाटातलं सगळं याला दाखवू का?" तर मी होकार दिला असता का?

भाऊबीजेच्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीत आठदहा माणसं होती. पुतण्याला कोणीतरी म्हणालं, काहीतरी लाव रे टीव्हीवर. त्याने यंत्रातून व्हिडिओची यादी उघडली. लग्नाचा व्हिडिओ, सहलीचा व्हिडिओ, आणि त्यांच्यामध्ये ते नाव, गल्लीसकट. त्याने ते उघडलं नाही. पुढे सरकला. पाच सेकंद असेल. मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते. शेजारची बाई नंतर आत येऊन सहज म्हणाली, "अहो, ती तुमच्याकडे येते वाटतं? तिची नणंद माझ्या बहिणीच्या बिल्डिंगमध्ये राहते."

त्या बाईच्या मनात वाईट नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी सासरी कळलं होतं. कसं, ते शोधत बसण्यात अर्थ नव्हता. ती त्याच रात्री मुलीला घेऊन निघाली, अंगावरच्या कपड्यांनिशी. जिवानिशी निघाली हे आमचं भाग्य. कागद सगळे तिथेच राहिले, ते मिळवायला पुढे आठ महिने गेले आणि तोवर मुलीचा शाळेतला प्रवेश अडकला. मी तिला सगळं सांगितलं, फुग्यापासून. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणाला होता ना, की हे फक्त आपल्या दोघींत राहील." एवढंच. ती पुढेही आमच्याकडे येत राहिली. मला ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

हे मी आजवर मोठ्या सभेत सांगितलेलं नव्हतं. आज सांगते, कारण तुमच्यापैकी कितीतरी जणी केसची कागदपत्रं घरच्या लॅपटॉपवर ठेवता. दुपारी जेवताना मी विचारलं तेव्हा बहुतेकींनी मान डोलावली. ऑफिसला यंत्र एकच, ते बिघडलेलं, मग करणार काय, हे मलाही ठाऊक आहे.

यातली एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. विंडोजला नवी वायर किंवा नवं वायफाय जोडलं, की ते विचारायचं, हे नेटवर्क कोणतं? विंडोज ७ मध्ये तीन पर्याय होते, घर, कामाची जागा आणि सार्वजनिक. आता दोन आहेत, प्रायव्हेट आणि पब्लिक. 'घर' किंवा 'प्रायव्हेट' म्हटलंत, की यंत्र समजतं, इथे सगळी आपलीच माणसं आहेत. मग ते इतर यंत्रांना आपलं तोंड दाखवतं, फाइली देण्याघेण्याची वाट मोकळी करतं. 'पब्लिक' म्हटलंत, की ते अंग चोरून बसतं. म्हणजे ज्याने हे बनवलं त्याच्या डोक्यात पक्कं आहे, की धोका रेल्वे स्टेशनवर, हॉटेलात, आणि घर म्हणजे निर्धास्त जागा. आपल्या केंद्रात येणाऱ्या बायांना हे सांगून बघा. कायदा करायला २००५ साल उजाडावं लागलं ते याच समजुतीमुळे, आणि ती समजूत आता यंत्रातही घालून मिळते. तेव्हा तुमच्या कामाच्या लॅपटॉपवर घरच्या वायफायलाही 'पब्लिक' म्हणा. काही बिघडत नाही, नेट तितकंच चालतं.

आता जोडणी. चहानंतर करून बघणारच आहोत, पण कानावरून जाऊ द्या.

लॅपटॉपला नेट वायफायवरून येत असेल आणि गेमच्या यंत्राला वायरने द्यायचं असेल, तर साधी लॅन केबल पुरते. पूर्वी उलटसुलट तारांची वेगळी केबल लागायची, आता यंत्रं स्वतःच सांभाळून घेतात. 'रन' च्या चौकटीत एनसीपीए डॉट सीपीएल टाइप करा, सगळ्या जोडण्यांची खिडकी उघडेल. जिच्यातून नेट येतं, त्या जोडणीवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, मग शेअरिंगचं पान. लक्षात ठेवा, जिच्यातून येतं ती. जिच्यातून जातं ती नव्हे. दहातल्या आठजणी इथे चुकतात, मीही चुकले होते. तिथे पहिल्या चौकोनात खूण केली की वाटणी सुरू, आणि खाली कोणाला द्यायचं ते निवडायचं. यंत्रावर सगळं 'ऑटोमॅटिक' ठेवायचं. विंडोज १० आणि ११ मध्ये लॅपटॉप पुन्हा चालू केल्यावर ही वाटणी कधी कधी रुसते. खूण काढून परत केली की चालते.

पहिल्या चौकोनाखाली दुसरा चौकोन आहे. तो नीट वाचा. त्यात म्हटलंय, की नेटवर्कवरच्या इतरांना ही वाटलेली जोडणी ताब्यात ठेवायची किंवा बंद करायची मुभा द्यायची का? म्हणजे तुम्ही देताय आणि घेणारा बंद करू शकेल! तिथे खूण असली तर काढा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसले होते. नवरा म्हणाला, काय झालं? म्हटलं, काही नाही, संसार.

वायर नको असेल तर विंडोज १० आणि ११ मध्ये 'मोबाइल हॉटस्पॉट' आहे. एका वेळी आठ यंत्रं जोडता येतात आणि कोण जोडलंय त्यांची यादी त्याच पानावर दिसते. ती यादी अधूनमधून बघा. अनोळखी नाव दिसलं तर पासवर्ड बदला. तो पासवर्ड घरात मागितला म्हणून सांगायलाच हवा असं नाही.

केसच्या फाइलींबद्दल आमच्या केंद्रात त्या दिवाळीनंतर तीन गोष्टी ठरल्या. फाइलला बाईचं नाव द्यायचं नाही, नंबर द्यायचा, आणि कोणता नंबर कोणाचा ते कागदाच्या वहीत, कुलपात. व्हिडिओ, फोटो, डॉक्युमेंट अशा तयार कप्प्यांत काहीही ठेवायचं नाही, पासवर्ड घातलेल्या वेगळ्या जागी ठेवायचं. आणि ज्या यंत्रावर केस आहेत, त्याच्यातून घरातल्या कोणालाही नेट वाटायचं नाही. भाच्याला नाही, जावयाला नाही. यावर आमच्यात भांडणही झालं. एक कार्यकर्ती म्हणाली, "घरी एकच लॅपटॉप आहे, मुलाला नाही कसं म्हणू?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. बलात्काराच्या केसमध्ये पीडितेची ओळख छापणं किंवा प्रसिद्ध करणं गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड विधानाचं कलम २२८अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. पण माझ्या टीव्हीवरच्या पाच सेकंदांना कुठलं कलम लागलं असतं? म्हणून नियम आपणच करायचा. शेवटी त्या कार्यकर्तीसाठी वर्गणी काढून जुना लॅपटॉप घेतला.

आता माझ्या मुलीबद्दल, कारण तिच्यावर माझ्याकडून अन्याय झाला. वायर तिने जोडली आणि खेळला तो. पुतण्या गेल्यावर काही वर्षांनी तिने स्वतःच्या पगारातून यंत्र घेतलं आणि पुण्यात नोकरदार मुलींच्या होस्टेलवर नेलं. तिथल्या वायफायचंही तेच, एका मुलीला एकच यंत्र, आधी पान उघडून पासवर्ड टाकायचा. तिने लॅपटॉपवर पान उघडलं आणि तिथून यंत्राला नेट दिलं. मेट्रनबाई म्हणाल्या, "मुली कधी असले खेळ खेळतात का?"

खेळतात, आणि बनवतातही. रोबर्टा विल्यम्सने १९८० मध्ये 'मिस्टरी हाउस' हा खेळ काढला. कॅरॉल शॉने १९८२ मध्ये 'रिव्हर रेड' लिहिला. आणि यंत्राला यंत्र जोडताना निरोप गोल गोल फिरत अडकू नयेत म्हणून १९८५ साली रेडिया पर्लमन या बाईने जी पद्धत शोधली, तिच्यावर पुढे जगभरची नेटवर्कं चालली. या तिघींची नावं मला साठीच्या आसपास कळली. पोरगी विशीत शिकली.

पण ती खेळताना माइक बंद ठेवायची. नावही पुरुषासारखं घेतलेलं. मी विचारलं तर म्हणाली, "आई, बाईचा आवाज ऐकला की खेळ राहतो बाजूला." काय काय ऐकवतात ते तिने सांगितलं, इथे ते उच्चारत नाही. तुम्हाला बसस्टॉपवरचं ठाऊक आहे, ते तसंच. अमेरिकेत अनिता सार्कीशियन या बाईने खेळांतल्या स्त्रीचित्रणावर टीका केली, तर ऑक्टोबर २०१४ मध्ये युटा स्टेट युनिव्हर्सिटीतलं तिचं भाषण सामूहिक गोळीबाराच्या धमकीमुळे रद्द करावं लागलं. टीका कशावर, तर व्हिडिओ गेमवर! ज्या घरातून असा एखादा मुलगा बोलत असतो, त्या घरातलं नेट कोणाच्या तरी आईच्या यंत्रातून जात असतं. तिला कान देता येतो. आम्ही पालकसभेत एवढंच सांगतो, की मुलगा कानाला लावून खेळत असेल तर एक दिवस ते काढून आवाज टीव्हीवर घे म्हणावं.

खेळू नका असं मी मुलींना कधी म्हणणार नाही. २०१९ सालच्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायांची दिवसाची २९९ मिनिटं त्यात जातात असं निघालं, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. दोन तास निवांत खेळायला बसलेली बाई मी माझ्या अख्ख्या नात्यात एकच पाहिली आहे, माझी मुलगी. मला आधी त्याची लाज वाटायची, आता वाटत नाही.

शेवटी आजचं. बऱ्याच जणींच्या घरी आता कॉम्प्युटर नाहीच, फोन आहे आणि वाटणी फोनच्या हॉटस्पॉटमधून होते. दिवसाला दीड जीबीचा पॅक. कन्सोलचा एखादा मोठा गेम १०० जीबीच्या वर जातो, आणि त्यात नुसता बदल आला तरी कित्येक जीबी उतरवून घ्यावे लागतात. आमच्या वस्तीतल्या एका अंगणवाडीताईचा पॅक सकाळी दहालाच संपायचा, मग पोषण ट्रॅकरवर नोंदी भरायला ती शेजारणीकडे जायची. तिला वाटायचं, फोनच बिघडलाय. तिचा हॉटस्पॉट रात्रभर चालू असायचा. पासवर्ड मुलाने ठेवला होता आणि तो तिलाच ठाऊक नव्हता. आम्ही तिच्या शेजारी बसून तो बदलला. तिने स्वतः टाइप केला, काय टाकला ते आम्ही बघितलं नाही. मुलगा दोन दिवस जेवला नाही म्हणे. तिसऱ्या दिवशी जेवला, आणि आता रविवारी चार तास त्याला नेट मिळतं. ती देते तेव्हा.

बस, माझं बोलून झालं. पलीकडच्या टेबलावर तीन लॅपटॉप आणि एक यंत्र मांडलं आहे. यंत्र मुलीचं आहे, जपून हाताळा. वायरी मी आणल्यात. ज्यांनी आजवर कधीच जोडलं नाही, त्यांनी चहानंतर पुढे बसायचं, आणि ज्यांना येतं त्यांनी हात पाठीमागे बांधून उभं राहायचं.